डबीवर नाव कुणाचं?

मा. श्री. रॉबर्ट मॅनफ्रेड,
आयुक्त, मेजर लीग बेसबॉल, न्यूयॉर्क



पत्र मराठीत लिहिते आहे, त्याबद्दल आधीच माफ करा. इंग्रजी येतं मला. 31 वर्षं रिपोर्ट इंग्रजीतच लिहिले. पण भांडायचं म्हटलं की तोंडात मराठीच येते. मुलगी म्हणाली, "आई, तू लिही, मी भाषांतर करून पाठवते. फक्त तिखट जरा कमी घाल." बघते.

माझी ओळख एवढीच, की मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. ज्या वस्तूवरून तुमच्या खेळात मालक, खेळाडू, वकील, न्यायाधीश आणि खासदार यांची इतकी वर्षं जुंपली, ती वस्तू मी रोज शेकड्याने हाताळली आहे. लघवीची डबी. एकदा माझ्याच पाळीत दोन डब्यांची लेबलं बदलली. दोघीही शिंदे; एक वॉर्डातली, एक ओपीडीतली. एकीला तीन दिवस नको ती औषधं गेली. पुढे निभावलं, पण तेव्हापासून डबी हातात आली की मी आधी लेबल वाचते आणि मग आत काय आहे ते बघते. हे पत्रही त्याच क्रमाने लिहिते आहे.

बेसबॉल मला जावयाने दाखवलं. मुलगी सॅन मटेओला असते, मी वर्षातले पाच-सहा महिने तिच्याकडे. सॅन फ्रान्सिस्कोचं तुमचं मैदान अगदी खाडीला लागून आहे. उजवीकडच्या भिंतीपलीकडे पाणी, आणि त्या पाण्यात छोट्या होड्या घेऊन माणसं चेंडू पडायची वाट बघत बसलेली! मला खेळापेक्षा आधी त्या होड्याच आवडल्या. जावई म्हणाला, एकट्या बॅरी बॉण्ड्सने असे 35 चेंडू पाण्यात घातलेत. हँक ॲरनचा 755 होम रनचा विक्रमही त्याने इथेच मोडला, 7 ऑगस्ट 2007 ला. मागच्या रांगेतले एक आजोबा मान पुढे काढून म्हणाले, "चोर होता." मग पुढचा अर्धा डाव मैदानाकडे कुणी बघितलंच नाही. 20 वर्षं होत आली, तरी तुमच्याकडे हे उत्तेजकांचं भांडण भेळेच्या गाडीवरच्या राजकारणासारखं कुठेही, कधीही पेटतं.

परतताना विमानतळ ओलांडला की बर्लिंगेम लागतं. तिथेच ती बाल्को नावाची कंपनी होती, जिच्यावर 3 सप्टेंबर 2003 ला सरकारी अधिकाऱ्यांनी छापा घातला. तिथल्या 'क्लिअर' नावाच्या औषधाची गोष्ट मी जावयाकडून दोनदा वदवून घेतली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. एका ॲथलेटिक्स प्रशिक्षकाने एक वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवून दिली. तळाशी उरलेल्या थेंबावरून लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅटलिन यांच्या लॅबने टीएचजी नावाचं नवंच स्टेरॉइड ओळखलं. नेहमीच्या चाचणीची तयारी करतानाच तो रेणू मोडून जायचा, म्हणून रिपोर्ट कायम स्वच्छ. शेवटी त्यांनी पद्धतच बदलली, तेव्हा तो सापडला. अशा लॅबपुढे मी हात जोडते. पण रसायनाच्या बाजूने तुमचं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते डबी कोण कुणाला देणार, यावर.

माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की गेटवर झडती. कुणाच्या कमरेला कापडाचा तुकडा सापडायचाही कधी. पण ज्याच्याकडे जन्मात काही सापडलं नाही, त्यानेही रोज हात वर करून उभं राहायचं. वडील एरवी मोजकं बोलत, पण झडतीचा विषय निघाला की त्यांचं जेवण थंड व्हायचं. म्हणून तुमच्या खेळाडूंच्या युनियनचे डॉनल्ड फेहर वर्षानुवर्षं सांगत राहिले, की संशयाला कारण नसताना सरसकट सगळ्यांची तपासणी आम्ही मानणार नाही, तेव्हा मला ती चोरांची वकिली वाटत नाही. त्यांच्या आधीचे मार्व्हिन मिलर तर शेवटपर्यंत या चाचण्यांच्या विरोधातच राहिले. आणि मालकांवर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर? 1980च्या दशकात मालकांनी आपसात संगनमत करून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बोली लावायचीच नाही असं ठरवलं, ते उघडकीला आलं आणि 28 कोटी डॉलर भरून मिटवावं लागलं. अशा मालकाने उद्या "डबी दे" म्हटलं, तर कामगार आधी विचारणारच, की हिचं तू पुढे काय करणार?

1991 मध्ये तुमचे तेव्हाचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी संघांना एक पत्रक पाठवलं : स्टेरॉइड चालणार नाहीत. चाचणीचा पत्ता नाही, कारण ती युनियनच्या संमतीशिवाय लावता येत नव्हती. म्हणजे फाटकावर पाटी लागली, पहारेकरी कुणी नाही. मग 1994चा संप आला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि पुढच्या वर्षी मैदानावर येणारी माणसं सुमारे 20 टक्क्यांनी घटली. रुसलेली गर्दी परत आणली ती 1998च्या उन्हाळ्याने. मार्क मॅग्वायर 70 होम रन, सॅमी सोसा 66. त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसचे स्टीव्ह विल्स्टीन यांना मॅग्वायरच्या लॉकरच्या फळीवर एक बाटली दिसली, अँड्रोस्टेनडायोनची. लपवलेली नव्हती. दुकानात मिळत होती आणि बेसबॉलमध्ये चालत होती. ऑलिंपिकमध्ये मात्र बंदी. बातमी आल्यावर मॅग्वायरच्या सेंट लुईस संघाच्या गोटात राग आला तो वार्ताहराचा. प्रशिक्षक टोनी ला रुसा यांना तर त्या वृत्तसंस्थेला खेळाडूंच्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नव्हतं. तेव्हा बाटली सगळ्यांना दिसली होती, लेबलासकट. वाचायची कुणालाच घाई नव्हती, कारण तिकिटं खपत होती. तुम्ही त्याच वर्षी लीगच्या कचेरीत रुजू झालात, म्हणून ही आठवण तुम्हाला आवर्जून करून देते.

युनियनलाही मी सोडणार नाही. केन कॅमिनिटी 1996चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 2002 मध्ये त्याने एका साप्ताहिकाला मोकळेपणी सांगितलं की त्या वर्षी मी स्टेरॉइड घेत होतो. दोन वर्षांनी तो गेला, 41व्या वर्षी. अंगात इतर ड्रग्जही होती, त्यामुळे मरण स्टेरॉइडच्या माथी मारणं मला पटत नाही. पण जो काहीच घेत नव्हता आणि घेणाऱ्यापुढे ज्याची जागा जात होती, तोही युनियनला वर्गणी देतच होता ना? 2003च्या वसंतात शिकागो व्हाइट सॉक्सच्या पंधरा-सोळा खेळाडूंनी ठरवलं होतं, की आपण डबी द्यायलाच नकार देऊ. नकार म्हणजे दोषी धरणार. दोषी वाढले की पुढच्या वर्षापासून कायमच्या चाचण्या लागू होणार. स्वच्छ माणसांनी स्वतःला चोर लिहून घ्यायचं, म्हणजे गेटवर झडती सुरू होईल! युनियनने त्यांची समजूत घालून ते थांबवलं. माझ्या वडिलांना ही गोष्ट सांगायला हवी होती.

त्या वर्षीच्या चाचण्यांचीच मुख्य गोष्ट मला बोलायची आहे. 2002च्या करारात असं ठरलं, की 2003 मध्ये नुसतं सर्वेक्षण करायचं. नावं गुप्त. शिक्षा नाही. 5 टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, तर 2004 पासून खरी चाचणी. आणि निकाल आल्यावर सगळं नष्ट. 1,438 चाचण्या झाल्या, 5 ते 7 टक्के दोषी निघाल्याचं नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. इथे आमच्या लॅबची शिपाईबाई असती तर संध्याकाळच्या आत डब्या निकाली काढून मोकळी झाली असती. तुमच्याकडे ते राहिलं. काही दिवसांतच बाल्कोच्या तपासासाठी न्यायालयाचं समन्स आलं आणि मग नष्ट करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं ठरलं. एप्रिल 2004 मध्ये सरकारी अधिकारी या चाचण्यांचं काम बघणाऱ्या कंपनीच्या लाँग बीचमधल्या कचेरीत शिरले ते दहा खेळाडूंचं वॉरंट घेऊन, आणि बाहेर पडले शेकड्यांची माहिती घेऊन. पुढे अपील न्यायालयाने सरकारला चांगलं फटकारलं, पण तोवर नावं गळायला लागली होती. अलेक्स रॉड्रिगेझ, सोसा, मॅनी रामिरेझ, डेव्हिड ऑर्टिझ. सगळी 2009 मध्ये, थोडी थोडी करून, ज्याला जसं सोयीचं पडलं तसं.

ऑर्टिझच्या बाबतीत तर तुम्हीच 2016 मध्ये बोस्टनला सांगितलंत, की त्या यादीतल्या काही निकालांबद्दल शास्त्रीय शंका होत्या, ऑर्टिझ दोषी नसणंही पूर्ण शक्य आहे, आणि गुप्ततेचं वचन दिलं होतं म्हणून शंका सोडवायच्या भानगडीत तेव्हा कुणी पडलं नाही. बरोबर आहे. आम्हीही शंकेचं सॅम्पल पुन्हा लावतो, पण रिपोर्ट कुणाच्या तरी हातात जाणार असेल तरच. इथे रिपोर्ट कुणालाच जायचा नव्हता आणि शेवटी जगाला गेला. तुम्ही ते बोललात, चांगलं केलंत. पण सात वर्षं लागली. बाकीच्या नावांसाठी असं कुणीच बोललं नाही.

आता थोडं त्या पोरांबद्दल, ज्यांना युनियनच नव्हती. मेजर लीगमध्ये चाचणीवरून वकिलांची खलबतं चालली होती तेव्हा, 2001 मध्येच, मायनर लीगच्या पोरांना चाचणी लागू झाली. कुणाला विचारायची गरज नव्हती. आयुक्तांच्या सहीचं काम. वाढीच्या हार्मोनसाठी रक्त घ्यायचं ठरलं तेव्हाही आधी दंड पुढे करायला लावला तो 2010 मध्ये याच पोरांना. मेजर लीगच्या खेळाडूंचं चालू हंगामात रक्त घ्यायला 2013 उजाडलं. बसमधून गावोगाव फिरणारी, तुटपुंज्या पगारावर राहणारी पोरं. त्यांत डॉमिनिकन रिपब्लिकमधून 16व्या वर्षी सही करून आलेली किती असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. 2022 मध्ये ही पोरं युनियनमध्ये आली, तेव्हा मी जावयाला पेढे दिले. त्याला कारण कळलं नाही.

17 मार्च 2005 ची संसदेतली सुनावणी सगळ्यांना आठवते ती मॅग्वायरच्या "मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही" या वाक्यासाठी, आणि राफाएल पाल्मेरोने खासदारांपुढे बोट रोखून केलेल्या इन्कारासाठी. (पाल्मेरो ऑगस्टमध्ये स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडमध्ये सापडला. शिक्षा 10 दिवस. आमच्याकडे कावीळ झाली तरी याहून जास्त रजा मिळते.) मला आठवतो तो कागद. तुम्ही देशाला सांगितलं होतं की पहिल्या गुन्ह्याला 10 दिवसांचं निलंबन; समितीने मूळ मसुदा मागवला, तर त्यात पुढे 'किंवा 10,000 डॉलरपर्यंत दंड' असं निघालं. त्या दिवशी तुम्हीही साक्षीला होतात. लाखो डॉलर मिळवणाऱ्याला दहा हजार! लेबलावर एक आणि डबीत एक, याला आम्ही काय म्हणतो ते मुलीने भाषांतरातून काढून टाकलं असतं, म्हणून लिहीतच नाही. वर्ष सरायच्या आत शिक्षा 50 सामने, 100 सामने आणि तिसऱ्यांदा कायमची बंदी अशी झाली. 2014 पासून 80 आणि 162. हे संसदेच्या धाकाने झालं, पण झालं.

पण माझं खरं भांडण दुसऱ्याच डबीवरून आहे. 1 ऑक्टोबर 2011, शनिवार, मिलवॉकी. सामना संपला, तिथल्या संघाच्या रायन ब्राऊनने नमुना दिला. नमुना गोळा करणाऱ्या माणसाला वाटलं, आता या वेळी कुरियर पुढे जाणार नाही. त्याने पेटी घरी नेली आणि तळघरातल्या आपल्या कामाच्या खोलीत ठेवली. सोमवारी पाठवली. मॉन्ट्रियलच्या लॅबमध्ये पोहोचली तेव्हा सगळी सीलं शाबूत. आत टेस्टोस्टेरॉन प्रमाणाबाहेर. करारात लिहिलेलं होतं, की खास अडचण नसेल तर नमुना त्याच दिवशी रवाना व्हायला हवा. त्रिसदस्यीय लवादात युनियनचे मायकेल वायनर, लीगतर्फे स्वतः तुम्ही आणि मधे तटस्थ म्हणून श्याम दास. (नाव वाचून मला उगीचच आपलं कुणी भेटल्यासारखं झालं.) दास वायनर यांच्या बाजूने गेले, शिक्षा रद्द झाली. मे महिन्यात तुम्ही दास यांना काढलंत. कोणताही पक्ष लवादाला कधीही काढू शकतो, तो हक्क करारात होता, मान्य. पुढच्या वर्षी बायोजेनेसिस नावाच्या क्लिनिकचं प्रकरण निघालं, ब्राऊनने 65 सामन्यांची शिक्षा मुकाट्याने घेतली आणि कबुलीही दिली. तेव्हा तुमच्या बाजूचे लोक म्हणाले असतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

साहेब, ब्राऊन दोषी होता आणि दास बरोबर होते. दोन्ही. दोन रात्री एखाद्या तळघरात राहिलेली डबी माझ्या टेबलावर आली असती, तर मी तिच्यावर लाल पेनने 'रिजेक्ट' लिहिलं असतं, भले आतला निकाल मला आधीच ठाऊक असता. सील शाबूत होतं म्हणता; माझ्या शिंदे बायकांच्या डब्यांची झाकणंही घट्टच होती. सगळ्यात वाईट वाटलं ते त्या गोळा करणाऱ्या माणसाचं. सुटल्यावर ब्राऊनने भर पत्रकार परिषदेत संशयाची सुई त्याच्याकडे वळवली, आणि त्याचं नाव देशभर झालं. खेळाडूचं नाव गुप्त ठेवायला करार होता. डबी नेणाऱ्यासाठी काहीच नव्हतं.

जॉर्ज मिचेल यांचा स्टेरॉइडवरचा 409 पानी अहवाल, त्यातली 89 नावं, कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेमसाठीच्या मतदानाचा दरवर्षीचा तमाशा, यात मी फार शिरत नाही. एवढंच, की 2022 मध्ये दहाव्या वर्षी बॉण्ड्स 66 टक्क्यांवर थांबला, 75 लागतात. ऑर्टिझ त्याच वर्षी आत गेला. ला रुसा 2014 मध्येच आत गेले होते, आणि ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं घडलं ते आयुक्त बड सेलिग 2017 मध्ये. हा निर्णय तुमच्या हातातला नव्हता, हे कळतं मला. मागच्या रांगेतले ते आजोबा मात्र बॉण्ड्सला चोर म्हणतात आणि सेलिगना काहीच म्हणत नाहीत.

आता काम. 1 डिसेंबर 2021 ला तुमचा वेतनकरार संपला, तुम्ही टाळं लावलंत आणि करारासोबत चाचण्याही बंद पडल्या, जवळजवळ 20 वर्षांत पहिल्यांदा. 99 दिवस एकही डबी नाही. स्टेरॉइडचा एक कोर्स आठ ते बारा आठवड्यांचा असतो; हिशेब तुम्हीच करा. कुणी घेतलंच असेल असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांनी काही घेतलं नाही, त्यांच्याकडे ते दाखवायला त्या 99 दिवसांचा एक कागदसुद्धा नाही. सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संपतो, आणि पुन्हा टाळ्याची भाषा ऐकू येते आहे.

मागणी एकच. उत्तेजक-चाचणीचा करार वेतनकराराच्या दोरीतून सोडवा. त्याला वेगळी मुदत द्या, नाहीतर एवढं एक कलम घाला, की संप असो वा टाळेबंदी, चाचण्या ठरल्याप्रमाणे चालू राहतील. युनियन लगेच हो म्हणणार नाही. बदल्यात त्यांना द्यायला तुमच्याकडे गोष्टी आहेत : निकाल किती दिवसांत नष्ट होणार ते तासासकट लिहून द्या, नावं बाहेर फुटली तर लीगने किती दंड भरायचा तेही लिहा, आणि त्या ओळीत 'किंवा' घालू नका. टाळेबंदीत पगार बंद असताना डबी कशाला द्यायची, असं ते विचारतील. रास्त प्रश्न आहे. तेवढ्या दिवसांचा भत्ता द्या.

आमच्याकडे तरी कुठे सगळं आलबेल आहे, असं तुमचा एखादा वकील म्हणेल. म्हणू दे. आमच्या क्रिकेटपटूंनी 2009 मध्ये 'आम्ही कधी कुठे असतो ते कळवणार नाही' म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचं, वाडाचं, कलम धुडकावलं. क्रिकेट बोर्ड राष्ट्रीय संस्थेच्या, नाडाच्या, कक्षेत आलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी मुंबईच्या पृथ्वी शॉला खोकल्याच्या औषधावरून आठ महिन्यांची बंदी बोर्डानेच सुनावली होती, तीही मागल्या तारखेपासून, म्हणजे निम्मी तर सुनावतानाच सरलेली. मालकाच्या हातची डबी कशी असते ते आम्हाला तुमच्याकडून शिकावं लागलं नाही.

दिवाळीनंतर मी परत जाते. तुमच्याकडे तो करार संपेल तेव्हा दादरला दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. आमच्या लॅबमध्ये त्या वेळेला वॉर्डांतला ट्रे यायचा, आणि कितीही घाई असली तरी पहिली पाच मिनिटं आम्ही नुसती लेबलं वाचायचो.

आपली,
लॅबमधून निवृत्त झालेली एक बाई
मुक्काम सॅन मटेओ